कुंकवाखालचं चाक

कारेलीबाग, बडोदे
१४ जुलै १९९७

दादा,

नमस्कार. फोन करत नाही, पत्रच लिहिते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून तू ओरडतोस, आणि तू ओरडायला लागलास की मी ऐकत नाही. त्यात दोघांचंही नुकसान.

मी जुना बँडसॉ घेणार आहे. तीस वर्षं फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी नमुने कापत तू तसल्याच मशीनपुढे उभा होतास, तुला काय सांगायचं. पण पत्र मोहनावहिनीही वाचते म्हणून लिहिते. एकावर एक दोन मोठी बिडाची चाकं, त्यांच्यावरून फिरणारी दात्यांची अखंड पट्टी आणि मध्ये टेबल. लाकूड टेबलावरून पुढे सरकवायचं, हवं तसं वळवायचं. शिवणीच्या लाकडाची दोन इंच जाडीची फळी मिनिटात कापून होते.

हे मशीन रावपुऱ्यात तुकोजीरावांच्या घरामागच्या शेडमध्ये आहे. निम्म्या बडोद्याचे देव्हारे आणि काचेची कपाटं ज्यांनी केली ते तुकोजीराव. आता लोक शोरूममधून तयार फर्निचर टेंपोत घालून आणतात, मुलांना लाकडाला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी शेड मोकळी करायला काढली आहे. मी गेले तर पहिला प्रश्न, "बेन, कुणासाठी बघताय?" माझ्यासाठी, म्हटलं. तर म्हणाले, साहेबांना घेऊन या, मग बोलू. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली हे मी सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं की पुन्हा येईन आणि एकटीच येईन.

मी अंध मुलांच्या शाळेसाठी लाकडी जनावरं करते हे तुला माहीत आहे. चित्रकलेची मास्तरकी संपल्यापासून तेच माझं काम. त्या शाळेत ऋचा नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. उंटाचं कुबड म्हणजे तिच्या आजीच्या पाठीसारखं काहीतरी, असं तिला वाटायचं. माझा उंट हातात घेतला, दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "मग यावर तर बसता येईल." शाळेला दिवाळीच्या सुट्टीआधी चोवीस जनावरांचा पूर्ण संच हवा आहे. हातकरवतीनं एका हत्तीला मला चार दिवस लागतात.

घ्यावं की नाही हे मी विचारत नाहीये. जुनं मशीन घेताना काय काय तपासायचं, तेवढं लिही.

अक्षर वाकडं आलंय. लिहायचं टेबल डुगडुगतं.

तुझी
नलू


राजारामपुरी, कोल्हापूर
२३ जुलै १९९७

चि. नलू, आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. उत्तर दोन शब्दांचं आहे, पण तू दोन शब्दांना जुमानणारी नाहीस म्हणून सविस्तर लिहितो. घेऊ नकोस.

तुला एकोणसाठ पूर्ण झाली. घरात एकटी राहतेस. गॅरेजात मशीन लावून दार ओढून काम करशील, काही झालं तर कळणार कुणाला? माझा डावा हात आठव. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकाहत्तरच्या दिवाळीआधी गेलं. चालत्या मशीनची पट्टी तुटली, मी समोर होतो, संपलं. माझी चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. हे मशीन असंच आहे, ते माणूस बघत नाही. मला तरी हाताखाली चौदा माणसं होती, उचलून दवाखान्यात नेलं.

शिवाय मशीन जुनं. त्याला रिसेल व्हॅल्यू नाही, इन्व्हेस्टमेंट म्हणूनही चुकीचं. तुझ्या घरातली वीज सिंगल फेज, त्याची मोटर थ्री फेज असणार. ती बदलायला लागेल. सोसायटीवाले आवाजानं बोंबलतील ते वेगळंच.

तू छंद म्हणून करतेस, छंदासारखंच कर. हातानं काप, सावकाश काप. मुलं काही पळून जात नाहीत. बापू असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तुझा
दादा

वन्सं, मी मोहना. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून दोन ओळी. हे पत्र लिहायला ह्यांना चार दिवस लागले. बोटांचा मजकूर आला की पेन ठेवून अंगणात जातात. तीन कागद फाडले. का ते मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं नाही.


कारेलीबाग
२ ऑगस्ट

दादा,

'रिसेल व्हॅल्यू' आणि 'इन्व्हेस्टमेंट' हे शब्द तुझे नव्हेत, आमच्या अमोघचे आहेत. म्हणजे माझ्या लेकानं बंगलोरहून तुला गाठलं तर. मामा सांगेल तर आई ऐकेल, असं त्याला वाटतं. आई मामाचं कधीपासून ऐकत नाही हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता बापूंचं. बापू काय म्हणाले असते ते मला तुझ्याइतकंच माहीत आहे, कारण ते जे म्हणायचे ते मी कान देऊन ऐकलंय. नागरवाड्यातली आपली ओसरी आठव. खंडेनवमीला बापू हत्यारं मांडायचे: रंधा, पटाशा, करवती, गिरमिट. पाटाखाली रांगोळी कुणी काढायची? नलूनं. हळदकुंकू कुणी लावायचं? नलूनं, मुलीचा हात शुभ म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी तीच हत्यारं तुझ्या हातात. मी एकदा रंधा उचलला तर बापूंनी माझ्या हातून काढून घेतला, रागानं नव्हे, प्रेमानं, आणि तेच मला जास्त लागलं. तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास. तू शेजारी उभा होतास आणि हसलास. पूजेपुरता माझा हात शुभ, आणि कामाला तुझा. एकोणपन्नास वर्षं झाली, मी विसरलेले नाही.

म्हणे सावकाश काप. आता खरं सांगते. लिहायचं टेबल डुगडुगत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलाय. डॉक्टर म्हणाले, करवतीचं काम बंद, नाहीतर वर्षभरात पेलाही धरता येणार नाही. करवत ओढायला मूठ आवळावी लागते. बँडसॉवर मूठ लागत नाही, लाकूड तळव्यानं पुढे सारायचं. मशीन आलं तर काम राहील. नाही आलं तर मी टीव्हीपुढे बसेन आणि अमोघला रोज आईची ख्यालीखुशाली कळेल. यातलं तुला काय हवंय ते तू ठरव, मी माझं ठरवलंय.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मीच जाऊन सांगितलं, दुपारी अकरा ते एक मशीन चालेल. आवाज होईल म्हणाले. म्हटलं, नवरात्रात तुमचे भोंगे नऊ दिवस माझ्या खिडकीला बांधलेले असतात, मी एकदा तरी तक्रार केली? मग त्यांनी चहा मागवला.

पुढच्या पत्रात तपासायची यादी असेल तर पत्र पाठव. नसेल तर दिवाळीच्या ग्रीटिंगवर भागव.

नलू


कोल्हापूर
९ ऑगस्ट

नलू,

अंगठ्याचं पहिल्याच पत्रात लिहायला काय झालं होतं?

यादी:

टेबलावर एक रुपयाचं नाणं कडेवर उभं कर आणि मशीन सुरू करायला सांग. नाणं पडलं तर मशीन थरथरतं, परत ये.

पट्टी काढून दोन्ही चाकांवरच्या रबराला नख लाव. रबर खडूसारखं सुटलं तर बदलावं लागेल, पण त्यासाठी सौदा मोडू नको.

टेबल कलतं करून पुन्हा सरळ कर, गुण्या लावून काटकोन बघ. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे आधार झिजलेत का बघ.

मोटर बंद केल्यावर मशीन किती वेळ फिरत राहतं ते बघ. घरघर आली तर बेअरिंग गेलंय.

लाकूड ढकलताना बोटं पट्टीच्या रेषेत ठेवायची नाहीत. कधीही नाहीत. शेवटचे दोन इंच काठीनं ढकलायचे. हे मी पुन्हा लिहिणार नाही, तू भिंतीवर लिही.

दादा


कारेलीबाग
२० ऑगस्ट

दादा,

नाणं उभं राहिलं. मी ठेवलं, तुकोजीरावांनी बटण दाबलं आणि आम्ही दोघं वाकून त्या रुपयाकडे बघत बसलो. मशीन पूर्ण वेगात गेलं तरी तो हलला नाही. तुकोजीराव म्हणाले, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हटलं, भावानं. मग पुन्हा 'साहेबांना आणा' म्हणाले नाहीत.

रबर ठीक, टेबल काटकोनात, बेअरिंगची घरघर नाही. मोटर बदलायला लागेल, ती मिळते. मग ते म्हणाले, कापून दाखवा. पिशवीत शिवणीचा तुकडा होता, त्यावर उंट आखलेला होता. दादा, मी तो उंट कापला. मान, कुबड, पोटाखालची कमान, सगळं एका दमात, आणि अंगठा दुखला नाही. तुकोजीराव आत गेले आणि स्वतः चहा घेऊन आले, खारीसुद्धा आणली. मी सौदा पक्का केला आणि विसार दिला.

गणपती झाले की टेंपोनं मशीन माझ्याकडे येईल. तोवर रोज चारला त्यांच्या शेडमध्ये जाऊन हात बसवते. तिथं माझं मन फार रमतं. मशीन किती जपलंय म्हणून सांगू. वरच्या चाकावर दर खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू तसंच आहे, तेलात कालवलेलं, वीस वर्षांचा थर. एका आऱ्याच्या मुळाशी तर बोटभर जाड. यादीत नव्हतं म्हणून मी त्याला हात लावला नाही, आणि यादीत असतं तरी लावला नसता. उलट विसार दिल्यावर त्याच जागी माझंही बोट टेकवलं. यंदा पहिल्यांदा स्वतःच्या हत्याराला कुंकू लावलं.

अमोघला कळवलंय. त्याचं उत्तर नाही. तुझं येऊ दे.

नलू


तार
कोल्हापूर, २६ ऑगस्ट

मशीन चालवू नकोस. पत्र येत आहे. रमाकांत


कोल्हापूर
२६ ऑगस्ट

नलू,

तार मिळाली असेल. आता बस आणि हे वाच.

यादीत वरच्या चाकाचं नाव नव्हतं. मी विसरलो नव्हतो. लिहायला घेतलं आणि हात पुढे जाईना, म्हणून टेबल आणि बेअरिंगवर भागवलं. मनाला सांगितलं, दहा हजारांत एखादं चाक खराब निघतं, तिचं कशाला निघेल. मग तुझं कुंकवाचं पत्र आलं आणि मी आधी तार ऑफिसात गेलो.

एकाहत्तरला पट्टी आपणहून तुटली नव्हती. वरचं चाक फुटलं. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मशीन पुसताना आऱ्याच्या मुळाशी मला केसाएवढी चीर दिसली. मला फोरमन होऊन तीन महिने झाले होते. चीर सांगितली असती तर नवं चाक येईपर्यंत महिनाभर शॉप बंद, आणि साहेबांपुढे पहिलीच बोंब माझ्या नावची. म्हटलं, दिवाळी काढू, मग बघू. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून पूजेच्या दिवशी मी स्वतः त्या चिरेवर कुंकू थापलं, तेलात कालवून, जाड. पूजेचं कुंकू आपल्यात कुणी पुसत नाही. शॉपमधल्या चौदा जणांपैकी एकानंही पुसलं नाही.

सतराव्या दिवशी चाक गेलं. मशीनवर मीच होतो, तेवढी देवाची कृपा. दुसरं कुणी असतं तर काय, याचा विचार मी अंगणात जाऊन करतो. चाक फुटल्यावर पट्टीही तुटलीच होती, तेवढंच सगळ्यांना सांगितलं. तुकडे भंगारात गेले. आणि सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की हे मशीन असंच आहे. मशीन तसं नाही, नलू. त्यानं मला चीर दाखवली होती. झाकली मी.

तुकोजीरावांच्या चाकावर काही असेलच असं नाही. पण बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कुंकू पुसून काढ. ती जागा रॉकेलनं भिजव, पाच मिनिटं थांब, कोरडी पूस, मग वर पांढरा खडू घास. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर रेघ उमटते.

ही हे पत्र वाचणार आहे. वाचू दे.

दादा


कारेलीबाग
३ सप्टेंबर

दादा,

तार आली तेव्हा मी दारातच होते, चारला निघायच्या तयारीत. मला वाटलं, यादी देऊन पस्तावला आणि आता हा नवा डाव. तार पर्समध्ये कोंबली, तशीच गेले आणि हत्ती कापून आले. दुसऱ्या दिवशीही गेले. तुझं पत्र तीस तारखेला आलं. तो हत्ती शेल्फवर आहे, तोंड भिंतीकडे करून ठेवलाय.

पत्र घेऊन रावपुऱ्यात गेले. तुकोजीरावांना म्हटलं, कुंकू पुसायचंय. ते एकदम ताठ झाले. म्हणाले, ते अहल्येनं लावलेलं आहे. त्यांची बायको. दर खंडेनवमीला तीच लावायची, चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ह्यांनी नवं लावलेलं नाही आणि जुन्याला हात लावलेला नाही. मशीन घ्यायचं तर कुंकवासकट घ्या, नाहीतर विसार परत घेऊन जा, म्हणाले. मग मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही. रागावायचं असेल तर रागाव.

ऐकून ते उठले. मग आतून धुतलेलं धोतर आणलं, रॉकेल आणलं आणि स्वतःच्या हातानं पुसलं. पुसलेला कपडा घडी करून खिशात ठेवला. खडू मी घासला. दादा, रेघ आली. आऱ्याच्या मुळापासून कडेपर्यंत, चार बोटं लांब. तुकोजीराव म्हणाले, "तिला माहीत नव्हतं." मी म्हटलं, नव्हतंच. गेल्या महिन्यापर्यंत ते त्यावर काम करत होते, नंतर मी करत होते.

त्यांनी विसार माझ्या हातात ठेवला आणि मशीन भंगारात देतो म्हणाले. ही बातमी कशी कोण जाणे, सगळीकडे पोचली. अमोघचा फोन आला, आई, बरं झालं सुटलीस. सेक्रेटरी भेटले, बेन, जे थाय ते सारा माटे, होतं ते भल्यासाठीच. सगळे इतके खूश आहेत की मला त्यांचा संताप येतो.

तुझाही येतो. बोटं गेली त्याचा नाही, खोटं बोललास त्याचाही फारसा नाही. तू घाबरला होतास. पण ती बोटं दाखवून तू मला सव्वीस वर्षं घाबरवलंस. मला पटाशी हातात घ्यायला पन्नाशी उलटावी लागली, कारण प्रत्येक वेळी तुझा तो हात डोळ्यांपुढे यायचा. ते मी माफ केलेलं नाही. करीन बहुतेक, पण आज नाही.

आता ऐक. मी विसार परत घेतला नाही. मशीन मी घेतेय. बाकी सगळं शाबूत आहे, एक चाक गेलंय, तर चाक नवं ओतून घ्यायचं. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री आहे, जाऊन आले. ते म्हणाले, वाळूत साचा घ्यायला चाकाचा लाकडी पॅटर्न आणा, बीड आम्ही ओततो. म्हणजे तू जन्मभर जे केलंस तेच. पॅटर्न मी करणार. हातानंच करावा लागेल, अंगठा बोंबलेल, पण एका चाकापुरता पुरेल.

जुनं चाक उतरवून माझ्याकडे आणलंय. त्याचं माप जसंच्या तसं घेते आणि सुरू करते. आणखी काही लक्षात ठेवायचं असेल तर लिही. या वेळी काही गाळू नकोस.

नलू


कोल्हापूर
१३ सप्टेंबर

चि. नलू,

माप जसंच्या तसं घेऊ नकोस. थांब.

बीड वितळलेलं असतं तेव्हा मोठं असतं, थंड होताना फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आखडतं. जुन्या चाकाएवढा पॅटर्न केलास तर नवं चाक लहान येईल आणि तुझी मेहनत फुकट जाईल. म्हणून पॅटर्नवाल्याची फूटपट्टी वेगळी असते, तिच्यातला फूट मुळातच एक सुतानं मोठा. पार्सलमध्ये माझी पट्टी पाठवतोय, पितळी आहे, नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. जुनं चाक साध्या पट्टीनं मोज, पॅटर्नवर तोच आकडा या पट्टीनं आख. आकडेमोड करायला लागणार नाही. मात्र दुसरं काही तिनं मोजू नकोस, ती खोटं सांगते. कडेला आणि मधल्या भोकाला लेथवर घासण्यापुरतं दीड सूत जास्त ठेव. आऱ्याच्या मुळाशी कोपरा टोकदार ठेवू नको, गोलाई दे. चिरा तिथूनच सुरू होतात.

चाक ओतून आलं की दोरीला टांग आणि हलक्या हातोडीनं टिचकी मार. घंटेसारखा लांब आवाज आला तर निर्दोष. बद्द वाजलं तर परत कर. हे रबर चढवायच्या आधी करायचं, रबर चढलं की चाक गप्प होतं. मग लेथवाल्याकडून तोल साधून घे.

पॅटर्न मी करून पाठवतो, असं लिहिणार होतो. ही म्हणाली, लिहून बघा, काय उत्तर येतं ते. म्हणून लिहिलं नाही.

त्या पत्रापासून ही माझ्याशी नेहमीपेक्षा बरी वागते, त्यामुळे जास्त अवघड जातंय. तुकोजीरावांना पत्र वाचून दाखवलंस ते योग्य केलंस. माझ्या शॉपमधल्या चौदांपैकी नऊ जण हयात आहेत. त्यांच्याकडे एकेक जाऊन यायचं ठरवलंय. दोन झाले.

एक विनंती. मशीन माझ्याशिवाय सुरू करू नकोस. भाऊबीजेला मी बडोद्याला येतो, मी शेजारी उभा राहीन, मग बटण दाब.

दादा


कारेलीबाग
खंडेनवमी, १९९७

दादा,

पार्सल उघडलं. पट्टीबद्दल तू एक पान लिहिलंस आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रंध्याबद्दल एक अक्षर नाही. मी बापूंचा रंधा एकोणपन्नास वर्षांनी हातात घेतला. पातं तू नुकतंच लावलेलं होतंस, माझ्या बोटाला कापलं. किती वेळ रडले ते सांगत नाही. मग त्याच रंध्यानं पॅटर्न केला.

अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी अंगठा सुजून गेंद झाला, तेव्हा तुकोजीराव म्हणाले, उरलेलं मी करतो. म्हटलं, तुम्ही धरा, मी तासते. त्यांनी निमूट धरलं. आऱ्याच्या मुळाला गोलाई अशी दिलीय की फाउंड्रीतल्या माणसानं तिच्यावरून तीनदा बोट फिरवलं आणि विचारलं, आ कोणे बनाव्युं, हे केलं कुणी? तुकोजीरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो माणूस त्यांच्याकडेच बघत राहिला, त्याला पटलं नाही. नाही तर नाही.

मशीन नवी मोटर लावून गॅरेजात आलंच होतं, चाक काल लेथवरून आलं. गॅरेजच्या आढ्याला दोरीनं टांगलंय. टिचकी मारली. दादा, इतका वेळ वाजत राहिलं की शेजारच्या बाई खिडकीत आल्या.

आज पूजा केली. रांगोळी मी काढली नाही. तुकोजीरावांना म्हटलं, तुम्ही काढा. सत्तर वर्षांच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा रांगोळी हातात घेतली, चार ठिपके काढले, चारही वाकडे. हळदकुंकूही त्यांनीच लावलं. चाकाला नाही, टेबलाच्या कोपऱ्याला, आणि उत्तरपूजा झाली की पुसायचं असं ठरलंय. जुनं चाक मी त्यांना परत दिलं, पण त्यांनी ते भंगारात दिलं नाही. आपल्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली ठेवलंय, तिथं अहल्याबाईंचं कुंकू पुन्हा लावतात. तिथं ते कुणाचं काही झाकत नाही.

अमोघ काल बोलला. मशीनचा फोटो पाठव म्हणाला. एवढंच, पण रिसेल व्हॅल्यू विचारली नाही.

आता तुझी विनंती. भाऊबीजेपर्यंत थांबणार नाही. शाळेला सुट्टी भाऊबीजेच्या आधी लागते आणि ऋचाला मगर अजून मिळालेली नाही. वीस तारखेला रबर चढवणार आणि एकवीसला अकरा वाजता बटण दाबणार, शेजारी कुणी असो नसो. यायचं असेल तर त्याआधी ये. मोहनावहिनीला घेऊन ये.

तुला चाकाचा आवाज ऐकू येणार नाही हे मला माहीत आहे. त्याची गरज नाही, माझ्या शाळेतली मुलं सगळं हातानंच बघतात. तू डाव्या हाताची उरलेली तीन बोटं चाकावर ठेव. टिचकी मी मारते.

नलू